घरात माणूस असल्यासारखं

३ सप्टेंबर

प्रिय दादा,

पोहोचलो. घर लहान आहे, पण खिडक्या मोठ्या आहेत. ह्यांची कंपनी ह्यांना पहिल्याच दिवशी घेऊन गेली आणि मी एकटीच खोकी फोडत बसले. अजून तवा सापडलेला नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू कानात घालायचं सोडून खिशात घालून फिरतोस, म्हणून हे पत्र. ईमेल केलं असतं, पण ते छापून घ्यायला तू कोपऱ्यावरच्या दुकानात जाणार आणि दुकानदार ते तुझ्याआधी वाचणार.

आता घराचं. दिव्यांना ह्यांनी घड्याळाची बटणं लावली आहेत, दिवे आपोआप लागतील आणि विझतील. तू त्यांना हात लावू नकोस. पत्रपेटी तुंबू देऊ नकोस, तुंबलेली पेटी म्हणजे चोराला आमंत्रण. पुढचं गवत वाढू देऊ नकोस. किल्ली कुंडीखाली ठेवू नकोस, तू ठेवशील म्हणून सांगते. समोरच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय, त्यांचं लक्ष असेल.

हे निघायच्या आधीपासून म्हणताहेत की घर एजंटकडे देऊ, भाडेकरू राहिले की चोरांची भीती नाही. मला ते नको होतं. तीन वर्षांनी परत येऊ तेव्हा मला माझं घर जसंच्या तसं हवंय. शेवटी आमच्यात तह झाला. सगळं नीट राहिलं तर घर बंद ठेवायचं आणि आपल्या गल्लीत चोर शिरला की एजंटला होकार द्यायचा. त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलाय आणि दोरी तुझ्या हातात आहे.

वहिनीचे कपडे संस्थेला देऊन टाकलेस ते बरं केलंस. कपाट उघडलं की त्रास होतो, आईच्या वेळी मला झाला होता. वेळेवर जेव.

तुझी,
ठमी


१८ सप्टेंबर

प्रिय ठमे,

पत्र मिळालं. इतक्या सूचना मला नोकरीच्या पहिल्या दिवशीही मिळाल्या नव्हत्या.

मेव्हण्यांच्या बटणांना मी हात लावलेला आहे. रागावू नका म्हणावं. दिवा ठरल्या वेळी लागायचा आणि ठरल्या वेळी विझायचा. एवढ्या शिस्तीचा माणूस आपल्या गल्लीत नाही, हे चोरालाही दोन दिवसांत कळलं असतं. मी रोज जाऊन वेळ थोडी इकडेतिकडे करतो. बटणं मात्र चांगली आहेत, त्यांना तसं सांग.

तू विसरलेली दिसतेस की मी जन्मभर कापडाच्या दुकानाच्या काचा सजवल्या. रिकाम्या जागेत माणूस आहे असं भासवणं हाच माझा धंदा होता. नवीन पोरं काचेमागे चार हसरे पुतळे उभे करायची आणि लोक न बघता पुढे जायचे. मी पुतळा काढून टाकायचो. खुर्ची जराशी मागे सरकवायची, पाठीवर कोट टाकायचा, टेबलावर पुस्तक पालथं घालून शेजारी चष्मा ठेवायचा. लोक थांबायचे. माणूस आत्ता आत गेलाय, येईलच, असं वाटून दोन-दोन मिनिटं बघत राहायचे. मालक म्हणायचे, अरे, यात विकायला काय ठेवलंयस? मी म्हणायचो, कोट.

तुझ्या घरात तेच चालवलंय. माणसाचं अर्धवट राहिलेलं काम दिसलं पाहिजे. पुढच्या दारात चिखलाचे बूट आहेत. व्हरांड्यात झाडू भिंतीला टेकवून ठेवलाय, केराचा ढीग न भरता तसाच. बाजूच्या दोरीवर कपडे असतात. तेही रोज काढत नाही, मधूनच एखादा रात्रभर विसरतो. कपडे विसरणारी माणसं खरी वाटतात.

तुमचा तो एजंट येऊन गेला. दारातच फीत काढून खिडकी मोजायला लागला. मी त्याला कानाचं यंत्र दाखवलं, बंद आहे म्हटलं आणि दार लावलं. भाडेकरूंचं डोक्यातून काढून टाक. भिंतीला खिळे ठोकतील, मोरी तुंबवतील, आणि जाताना तुझे पडदे घेऊन जातील. मी असताना त्यांची गरज नाही.

जेवतो वेळेवर.

दादा


५ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. केराच्या ढिगापर्यंत आल्यावर ते म्हणाले, तुझा भाऊ घर सांभाळतोय की नाटक बसवतोय? पण बटणांचं कौतुक ऐकून खूश झाले.

आता त्यांच्या डोक्यात कॅमेरे आले आहेत. एक पुढच्या दारावर, एक व्हरांड्यात आणि एक बैठकीच्या खोलीत. आम्हाला इथे बसल्या बसल्या घर दिसेल. बसवणारा माणूस पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे किल्ली मागायला येईल, त्याला दे. मला तर फार आवडलं. कामावरून आल्यावर चहा पिता पिता माझी बैठकीची खोली बघायची. हसू नकोस, मला घराची फार आठवण येते. इथल्या ग्रंथालयात काम मिळालंय, माणसं बरी आहेत, पण घरी आलं की घरी आल्यासारखं वाटत नाही.

आणि रोज कशाला जातोस? आठवड्यातून दोनदा पुरे. गुडघे तुझे आहेत, माझे नाहीत.

ठमी


२३ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

कॅमेरेवाला येऊन गेला. त्याला मी परत पाठवला. घराच्या तोंडावर कॅमेरे बसवणं म्हणजे आत काहीतरी किमती आहे असं ओरडून सांगणं. शिवाय तो बैठकीच्या खोलीत शिडी घेऊन उभा राहणार, भोकं पाडणार, माझी सगळी मांडणी मोडणार. मेव्हण्यांना सांग, पैसे वाचले.

गुडघे ठीक आहेत. मी रोज संध्याकाळी जातो, थोडं बसतो, अंधार पडला की दिवे बघतो आणि परत येतो. तुझी ती खिडकीजवळची खुर्ची बसायला चांगली आहे, पण मी तीत बसत नाही, ती मांडणीतली आहे. मी समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसतो. खरं सांगायचं तर माझ्या घरी संध्याकाळ सरत नाही. इकडे हाताला काम असतं. तू हे घर बंद ठेवलंस त्यात माझाही फायदा झाला असं समज.

समोरच्या डॉक्टरीणबाई मला बघून हात हलवतात. हल्ली जरा जास्तच हसतात.

दादा


१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

हे पत्र लिहायचं जिवावर आलंय. तीन वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्यांनी चहाडी केली नाही, उलट त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, तुमच्या घरात आता जाग असते. बाई कोण आहेत, ओळख करून द्या की. दोरीवर बाईचे कपडे असतात. खिडकीत बाई बसलेली असते, पडद्याआडून दिसते. आणि तुमचे भाऊ रोज संध्याकाळी येतात, त्यांच्याशी बोलत बसतात, आवाज थेट आमच्या फाटकापर्यंत येतो. बाईंचा आवाज मात्र कधी ऐकू येत नाही, फार हळू बोलतात वाटतं.

दादा, मी लहान नाही. वहिनी जाऊन वर्ष होत आलंय. तुला कोणाची सोबत मिळाली असेल तर मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी तुझ्यावर घर टाकलं आणि तू मला झाडू आणि केराच्या गोष्टी सांगत बसलास. कॅमेरे का नको होते ते आता कळलं. एजंटला का हाकललंस तेही कळलं. तिला माझ्या घरात ठेवायचं होतं, तर एक ओळ लिहायची होतीस. मी नाही म्हटलं असतं का?

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कोण आहे ती, एवढं कळव.

ठमी


२ डिसेंबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

तुझ्या घरात कोणी राहत नाही. दोरीवरचे कपडे तुझ्या वहिनीचे आहेत.

संस्थेला दिले हे मी खोटं सांगितलं. तेव्हा सगळेच मागे लागले होते, तूही लागली होतीस. दिले म्हटल्यावर सगळे गप्प झाले. कपडे माळ्यावर होते. तू किल्ल्या दिल्यास तेव्हा मला कपडे लागणार होते, दोरीवर घालायला. माझे चार शर्ट टाकले तर एकट्या म्हाताऱ्याचं घर दिसतं, आणि एकटा म्हातारा घरातून कधीही बाहेर पडू शकतो, हे चोराला माहीत असतं. बाईचे कपडे पाहिजेत. नवे आणले असते तर ते नवे दिसले असते. हे सगळं धंद्याचं कारण झालं आणि ते खरं आहे.

दुसरं कारणही खरं आहे. माळ्यावरून पहिला गाउन काढला, फुलाफुलांचा, तू तिला दिलेला. धुतला, पिळला, दोरीवर टाकला. संध्याकाळी गेलो तर तो वाळून हलत होता. ठमे, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या स्वतःच्या घरी मी ते केलं असतं तर तुम्ही मला डॉक्टरांकडे नेलं असतं. तुझ्या घरी ते चोरांसाठी होतं, त्यामुळे कोणाला काही विचारायचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं.

खिडकीतली बाई म्हणजे खुर्चीच्या पाठीवर घातलेला तिचा राखाडी स्वेटर आणि मागे गुंडाळलेली उशी. पडदा अर्धा ओढला की खांदा दिसतो. माझ्या सगळ्या कामांत हे सगळ्यात चांगलं झालंय, आणि ते दाखवायला कोणी नाही.

बोलण्याचं मात्र डॉक्टरीणबाईंनी काहीतरीच ऐकलंय. मी तिथे कोणाशी बोलणार? गप्प बसलेला असतो. मनात येतं तसं येतं काहीबाही, पण ते मनात. रेडिओ लावून ठेवतो, त्याचा आवाज असेल. मला तो किती मोठा आहे ते कळत नाही.

आता तुला सगळं माहीत झालं. घर तुझं आहे. बंद कर म्हणालीस तर उद्या कपडे काढतो. पण म्हणू नकोस.

दादा


१७ डिसेंबर

प्रिय दादा,

नाही म्हणत.

पत्र वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात होते. वाचता वाचता रडले, तशी शेजारची मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली. मी तिला काय सांगणार होते? वहिनी माझ्या दोरीवर वाळतेय म्हणून रडतेय?

तुझ्याबद्दल जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. मी मूर्ख आहे. त्या गाउनचा रंग मला आवडला नव्हता, दुकानात दुसरा नव्हता म्हणून घेतला होता. तिने तो इतका वापरला हे मला माहीत नव्हतं.

कॅमेऱ्यांचं ह्यांना मी समजावलं. कपड्यांचं सांगितलं नाही. घर जसं आहे तसं राहू दे.

तुझी,
ठमी


८ जानेवारी

प्रिय ठमे,

वाईट बातमी आहे आणि ती दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. काल दुपारी समोर डॉक्टरीणबाईंकडे चोरी झाली. त्या दवाखान्यात होत्या. मागच्या भिंतीवरून आला, स्वयंपाकघराची खिडकी उचकटली. दागिने गेले, घड्याळ गेलं, त्यांच्या नवऱ्याचं पदक गेलं. पदकासाठी त्या फार रडल्या. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो, पण त्या काय म्हणत होत्या ते निम्मं ऐकू आलं नाही. नुसता बसलो.

तुझ्या घराला धक्का लागलेला नाही. दार, खिडक्या, कुलपं सगळं बघितलं. बूट होते तिथेच आहेत.

म्हणजे आपली मांडणी चालली. तह तुझ्या घराचा होता, समोरच्या घराचा नव्हता, हे मेव्हण्यांना नीट समजावून सांग.

दादा


२१ जानेवारी

प्रिय दादा,

समजावलं. ऐकत नाहीत. म्हणाले, तह गल्लीचा होता, आणि खरंच तसाच होता, मीच तुला पहिल्या पत्रात तसं लिहिलं होतं. शिवाय त्यांना तुझी काळजी वाटते. चोर आत आणि तू आत, आणि तुला तो आलेला ऐकूही यायचा नाही. मला हे आधी कसं सुचलं नाही?

एजंटने एक कुटुंब बघून ठेवलंय. मी ह्यांना म्हटलं, दादाचं पत्र आल्याशिवाय होकार द्यायचा नाही. मग कपड्यांचंही सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, दादा म्हणतील तसं करू, त्यांनी नको म्हटलं तर नको.

आता तूच ठरव. तू जे लिहिशील ते होईल, त्यावर मी एक शब्द विचारणार नाही.

ठमी


६ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

चोर पकडला गेला. पदक मिळालं, घड्याळही मिळालं. दागिन्यांचं बघताहेत.

मागच्या आठवड्यात ठाण्यावरून शिपाई आला आणि साहेबांनी बोलावलंय म्हणाला. गेलो. साहेब तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी काहीतरी विचारलं, मी कान पुढे केला. त्यांनी पुन्हा विचारलं. यंत्र होतं, पण त्याची बॅटरी संपलेली होती. शेवटी ते माझ्या कानाशी येऊन ओरडून बोलायला लागले. ठाण्यात सात-आठ माणसं होती, एक तक्रार द्यायला आलेलं जोडपं होतं, बाकावर तो चोरही बसलेला होता. त्या सगळ्यांसमोर माझं आयुष्य मला ओरडून सांगण्यात आलं.

चोर बरेच दिवस गल्लीत घिरट्या घालत होता. पहिलं घर त्याने तुझंच हेरलं होतं. मालक परदेशी गेलेत, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. मग त्याने बघितलं तर घरात माणसं. बाई घरातून कधी हलतच नाही, खिडकीत असते. संध्याकाळी नवरा येतो आणि तिच्याशी बोलतो. हा तुमच्या कुंपणाला टेकून ऐकायचा. दिवा लावू का, म्हणून नवरा विचारतो. मग थांबतो. मग म्हणतो, बरं, राहू दे. थंडी वाजते का, म्हणून विचारतो. गुडघ्यांचं सांगतो. ठमीचं पत्र आलंय म्हणतो आणि पत्र वाचून दाखवतो. बाई एका शब्दाने उत्तर देत नाही. निघताना नवरा येतो गं म्हणतो आणि दारात थांबून राहतो, तेव्हाही ती बोलत नाही. चोराने साहेबांना सांगितलं, बाई नवऱ्यावर रुसलेली आहे. रुसलेली बाई रात्रभर जागी असते, म्हणून त्या घरात शिरायचं नाही असं त्याने ठरवलं.

मी साहेबांना म्हटलं, मी बोलत नाही, तो रेडिओ असेल. साहेबांनी चोराकडे बघितलं. चोर उठून उभा राहिला आणि मान हलवून काहीतरी म्हणाला. साहेब माझ्या कानात ओरडले, तो म्हणतो रेडिओ नव्हता, हाच आवाज होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी मानलं नाही. पण चोराला खोटं बोलून काय मिळणार होतं? आणि तुझं पत्र रेडिओवर कोण वाचणार? तेव्हा मी बोलत होतो. महिनोन् महिने, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि मला वाटत होतं मी गप्प बसलोय.

मग साहेबांनी मला का बोलावलं ते सांगितलं. तुझी खिडकी डॉक्टरीणबाईंच्या दाराच्या बरोबर समोर आहे. चोरी करण्याआधी तो समोरच्या दाराशी रेंगाळला होता, खिडकीतल्या बाईने आपल्याला पाहिलं असं त्याचं म्हणणं आहे, म्हणून तर तो मागच्या भिंतीकडे गेला. साहेबांना तिची साक्ष हवी होती. ते ओरडले, तुमच्या बाईंना उद्या घेऊन या, फार वेळ नाही लागणार, घरी येऊन विचारलं तरी चालेल.

ठमे, ती गेल्यापासून ते वाक्य मी एकदाही बोललो नव्हतो. दवाखान्यात डॉक्टर बोलले होते, नातेवाईकांना तू कळवलंस, संस्थेचं मी खोटं सांगितलं. मला बोलावं लागलंच नव्हतं. तिथे बोलावं लागलं. ती नाही, म्हटलं. ती गेली, मागच्या हिवाळ्यात गेली. माझा आवाज किती मोठा निघाला ते मला कळलं नाही, पण तक्रार द्यायला आलेलं जोडपं वळून बघायला लागलं आणि साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. चोर उभा होता तो खाली बसला. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. मला त्याचा राग आला नाही. ती आहे अशी खात्री असलेला तो एकटाच माणूस होता.

साहेबांनी मला त्यांच्या गाडीतून घरी सोडलं.

मेव्हण्यांना कळव, एजंटला होकार द्या. माझी हरकत होती ती खिळ्यांसाठी आणि मोरीसाठी नव्हती, हे तुला कळलंच आहे. पण मला ऐकू यायचं नाही असं जे ते म्हणाले ते बरोबर आहे, आणि त्यात त्यांना वाटलं त्यापेक्षा जास्त निघालं. मी घर आवरून दिलं. कुटुंब बघायला आलं होतं, माणसं बरी वाटली. पडदे राहतील.

कपडे मी घरी आणले. माळ्यावर नाही ठेवले, कपाटात लावले, तिच्या बाजूला. आता संध्याकाळी माझ्याच घरी बसतो. संध्याकाळ अजूनही सरत नाही, पण बसतो. गप्प असतो, निदान मला तसं वाटतं. तुझ्या घरीही मला तसंच वाटत होतं. खालच्या मजल्यावरच्यांना मी काही विचारलेलं नाही.

तुझा,
दादा